टेप काढू नका

'दादा, हा टेप काढून टाका आणि स्क्रीनवाला बसवा.' कामशेतला जुन्या हायवेलगत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तिथं गाडी लावल्या लावल्या बहुतेक गिऱ्हाइकं हेच म्हणतात. कारण विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं : फोनमधली गाणी यावर लागत नाहीत. मी आधी टेप चालू करतो, रेडिओ लावतो, आवाज हळूहळू वाढवतो आणि एकेका स्पीकरला कान लावून बघतो. बऱ्याचदा सगळं ठणठणीत असतं. ॲम्प्लिफायर चांगला, स्पीकर चांगले, रेडिओ चांगला. फक्त फोनमधला आवाज आत घ्यायची सोय नाही. तेवढ्यासाठी चालती वस्तू भंगारात घालायला माझा विरोध आहे आणि तो मी तोंडावर सांगतो. स्क्रीन विकली तर मला जास्त पैसे सुटतात, हेही सांगतो. तरीही सांगतो की टेप काढू नका.

माझ्याकडं येणाऱ्या गाड्या पाहिल्या की मावळ कशावर चालतो ते कळतं. पवनानगरला, नाण्याला आणि कान्हे फाट्यावरून टाकव्याला जाणाऱ्या वडापच्या जीपा, लोणावळ्यात पॉइंट दाखवणाऱ्या टॅक्स्या, डेअरीला दूध घालणाऱ्या ओमनी, भात आणि भाजी नेणारे पिकअप, शिवाय मुंबईकरांच्या बंगल्यांत महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या सँट्रो आणि होंडा सिटी. यातली एकही गाडी नवी नसते. इंजिन दोनदा खोललेलं असतं, पत्र्याला डाग पडलेले असतात, पण गाडी रोज रस्त्यावर असते आणि तिच्या मालकाला रोज गाणी लागतात. वडापच्या जीपमध्ये तर टेप ही धंद्याची गोष्ट आहे. स्टँडवर दोन जीपा उभ्या असल्या तर कॉलेजची पोरं गाणी लागलेल्या जीपमध्ये आधी चढतात.

ब्लूटूथवरून स्टीरिओ गाणं पाठवायची ए-टू-डी-पी नावाची पद्धत २००३ मध्ये ठरली. पण कमी किमतीच्या गाड्यांतल्या टेपमध्ये ती यायला पुढं बरीच वर्षं गेली. त्यामुळं २००० ते २०१२च्या सुमाराच्या गाड्यांत कॅसेट, सीडी, फार तर पेनड्राइव्ह एवढंच सापडतं. मधली काही वर्षं फोन टेपला जोडणाऱ्या ऑक्सच्या वायरनं भागलं. मग २०१६ मध्ये आयफोन ७ हेडफोनच्या भोकाशिवाय आला, मागोमाग इतरांनीही ते भोक काढायला सुरुवात केली आणि वायर हातात असूनही खुपसायला जागा राहिली नाही. तेव्हापासून माझ्याकडं या कामाची रीघ लागली.

यावरचा सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर. फोन त्याला ब्लूटूथनं जोडायचा. तो ते गाणं एका फ्रिक्वेन्सीवर अगदी थोड्या ताकदीनं हवेत सोडतो आणि टेपचा रेडिओ तीच फ्रिक्वेन्सी पकडतो. टेप उघडावा लागत नाही, एक वायर कापावी लागत नाही. गाव ते शेत आणि शेत ते गाव एवढंच फिरणाऱ्या माणसाला मी तो आनंदानं देतो. पण घाट उतरणाऱ्याला देताना मी थांबतो, कारण आमचा मुलूख रेडिओच्या दृष्टीनं फार अवघड जागी आहे.

लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी काठावर आहे. पाठीमागं पुणं, समोर दरी, दरीपलीकडं मुंबई. पुण्याची स्टेशनं पाठीमागून येतात आणि खंडाळ्याची वळणं सुरू झाली की मुंबईची समोरून येऊ लागतात. रेडिओ मिर्चीचा ९८.३, रेडिओ सिटीचा ९१.१, रेड एफएमचा ९३.५ हे आकडे दोन्ही शहरांत तेच आहेत. म्हणून घाटात काटा न हलवता पुणं जातं आणि मुंबई येते. एका वळणावर लक्ष्मी रोडची जाहिरात चालू असते, पुढच्या वळणावर दादरची. अनेक वर्षं हा रस्ता करूनही मला याचं नवल वाटतं.

ट्रान्समीटर लावणाऱ्याला मात्र हाच अदलाबदलीचा पट्टा छळतो. वडगावात त्यानं जो आकडा रिकामा म्हणून निवडलेला असतो, तो खंडाळ्याच्या पुढं रिकामा राहीलच असं नाही. एफएमच्या रेडिओचा स्वभाव असा की एकाच आकड्यावर दोन लहरी आल्या तर तो दोन्हींची सरमिसळ करत नाही, जी जोरदार असेल तीच धरतो आणि दुसरी जवळजवळ पुसून टाकतो. शहरातलं स्टेशन किलोवॅटनी बोलतं. लायटरमधल्या खेळण्याची ताकद त्यापुढं नगण्य, त्याचा एकच फायदा म्हणजे ते टेपच्या हातभर अंतरावर आहे. डोंगराआड असेपर्यंत हा फायदा पुरतो. गाडी दरीच्या तोंडाशी आली, समोर कोकण उघडं झालं की स्टेशन सरळ समोरून येतं आणि भजन चालू असताना मधेच साबणाची जाहिरात लागते. पुढच्या वळणावर डोंगर आडवा आला की भजन परत.

लोणावळ्याचा एक टॅक्सीवाला मित्र या प्रकारानं अगदी वैतागला होता. पॅसेंजर म्हणायचे की तुमचा टेप खराब आहे. मग आम्ही दोघं एका सकाळी कामशेतहून खोपोलीपर्यंत गेलो, ट्रान्समीटर बंद ठेवून नुसता रेडिओ फिरवत. कुठल्या आकड्यावर कुठं काय ऐकू येतं ते मी वहीत लिहीत गेलो. वरच्या टोकाला पुणे विद्यापीठाच्या विद्यावाणीचा १०७.४ आणि मुंबईच्या एफएम रेनबोचा १०७.१ असल्यामुळं तिकडं घाटात भरवसा नाही. खाली ८८च्या आसपासची जागा मला दोन्हीकडं जास्त शांत मिळाली. तोच आकडा मी आता घाटवाल्यांना लावून देतो. दुसरी युक्ती अशी की गाडीची बाहेरची दांडीची अँटेना खाली करायची. लोक उलट करतात, आवाज खरखरला की दांडी पूर्ण ओढतात. दांडी बाहेरचं स्टेशन जास्त आत आणते. ती खाली केली की बाहेरचं दुबळं होतं आणि आतला ट्रान्समीटर जवळ असल्यानं त्याला फारसा फरक पडत नाही. पैसा न लागणारी ही दुरुस्ती आहे आणि बऱ्याच जणांचं काम तेवढ्यावरच भागतं.

एक्सप्रेसवेवर कामशेतच्या बोगद्यात शिरलं की याचा पुरावा मिळतो. बोगद्यात रेडिओ मुका होतो, पण ट्रान्समीटरवरचं गाणं बाहेर होतं त्याहून स्वच्छ वाजू लागतं, कारण डोंगरानं बाकी सगळं अडवलेलं असतं. ट्रान्समीटर खराब आहे की फ्रिक्वेन्सी चुकीची आहे, हे ठरवायला बोगद्याइतकी चांगली जागा नाही. बोगद्यातही खरखर असेल तर वस्तू बदला. बोगद्यात स्वच्छ आणि बाहेर खरखर असेल तर आकडा बदला.

ट्रान्समीटरची आणखी एक बाजू लोकांच्या लक्षात येत नाही आणि मला ती महत्त्वाची वाटते. शनिवारी सकाळी खंडाळ्यात जाम लागतो. गाडीला गाडी चिकटून उभी असते. दोन गाड्यांत एकाच कंपनीचा ट्रान्समीटर असेल आणि दोघांनीही कारखान्यातून आलेला आकडा तसाच ठेवलेला असेल, तर शेजारच्याचं गाणं आपल्या टेपवर लागतं. गाण्याचं एक वेळ ठीक. पण फोन आला की समोरच्या माणसाचा आवाजही त्याच वाटेनं हवेत जातो. माझ्या त्याच टॅक्सीवाल्या मित्रानं जाममध्ये शेजारच्या गाडीतलं दवाखान्याचं बोलणं ऐकलं होतं. रिपोर्ट काय आला, पुढं काय करायचं, सगळं. त्यानं लगेच रेडिओ बंद केला. तेव्हापासून ट्रान्समीटर देताना मी प्रत्येकाला सांगतो की घरचं, पैशाचं, आजारपणाचं बोलणं यावरून करू नका.

ज्या टेपला ऑक्सचं भोक आहे त्याचं काम याहून चांगलं होतं. छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्यायचा, त्याची पिन ऑक्समध्ये आणि त्याला ५ व्होल्टचा सप्लाय. हवेतून जातो तो फोन ते रिसीव्हर एवढाच टप्पा, पुढं वायर. त्यामुळं पुणं-मुंबईच्या स्टेशनांचा प्रश्नच उरत नाही. काही जुन्या टेपना पुढं ऑक्स नसतो, पण पाठीमागं सीडी चेंजरसाठी ठेवलेला सॉकेट असतो. त्या कंपनीचा ॲडॅप्टर मिळाला तर तिथूनही आवाज आत नेता येतो. हे ॲडॅप्टर आता जुन्या बाजारात शोधावे लागतात. मला एखादा दिसला की मी घेऊन ठेवतो.

ऑक्सच्या कामात खरी परीक्षा गाडी चालू केल्यावर होते. गाडी बंद असताना गाणं काचेसारखं स्वच्छ, स्टार्टर मारला की मागं बारीक शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, सोडला की उतरते. हा अल्टरनेटरचा आवाज. रिसीव्हरला सप्लाय लायटरच्या सॉकेटमधून, म्हणजे त्याची अर्थ (अर्थिंगची वायर) एका जागी. टेपची अर्थ दुसऱ्या जागी. दोन्ही जागांमध्ये थोडासा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी तो फरक ऑक्सच्या वायरच्या जाळीतून वाहतो आणि अल्टरनेटरची थरथर गाण्यात मिसळते. बाजारात यावर एक डबी मिळते. तिच्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते गाणं पुढं जाऊ देतात आणि दोन्ही अर्थ एकमेकींपासून तोडतात. डबी लावली की शिट्टी जाते आणि गिऱ्हाईक खूश होतं.

मी ही डबी लगेच लावत नाही. आधी शिट्टी का येते ते बघतो.

पवनानगरच्या एका वडापवाल्या काकांची जीप अशीच आली होती. दुसरीकडं रिसीव्हर बसवला होता, शिट्टी येत होती, आणि डबी लावून द्या एवढंच त्यांचं मागणं होतं. मी गाडी चालू ठेवली, हेडलाइट लावले आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी डॅशबोर्डखालच्या पत्र्याला लावली. तिथं काहीच दिसायला नको, फार तर काट्याची हालचाल. मला अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं. म्हणजे इंजिन आणि बॉडी यांच्यामधला अर्थचा पट्टा काम करत नव्हता. खाली जाऊन पाहिलं तर पट्टा जागेवर होता, पण त्याच्या टोकाला हिरवी भुकटी धरली होती आणि बोल्टखालचा पत्रा गंजून सुटला होता. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पवनेच्या खोऱ्यातल्या गाड्या चार महिने चिखल-पाण्यात असतात. तांबं हिरवं पडणं इथं दर पावसाळ्याचंच आहे.

पट्टा काढला, बोल्टची जागा चकचकीत घासली, नवा पट्टा बसवून वरून ग्रीस लावलं. शिट्टी गेली. हेडलाइटही उजळले. काका म्हणाले, 'मी तर दिवे बदलायच्या विचारात होतो, आता राहू दे.' जी वीज जाड पट्ट्यातून परत जायला हवी ती इतके दिवस बारीक वायरींमधून वाट काढत होती, त्यात ऑक्सची वायरही आली. डबी लावून शिट्टी थांबवली असती तर रोग तसाच राहिला असता आणि एखाद्या दिवशी भर पावसात जीपनं स्टार्टर घेतला नसता, तेही दहा-बारा माणसं बसलेली असताना. टेपमधून येणारा नको तो आवाज बऱ्याचदा गाडीची तब्येत सांगतो. तो दाबायच्या आधी ऐकावा, असं माझं मत त्या दिवसापासून आणखी पक्कं झालं.

कॅसेटच्या टेपचं काम मला सगळ्यांत आवडतं. त्यात हात घालायला मिळतो.

नाणे मावळातल्या एका भजनी मंडळाचे बुवा त्यांची ओमनी घेऊन आले. ओमनीत जुना कॅसेटचा टेप. मुलगा म्हणत होता, स्क्रीन बसवू. बुवा म्हणत होते, कॅसेट चालली पाहिजे. त्यांच्याकडं बाबामहाराज सातारकरांच्या हरिपाठाच्या कॅसेट होत्या. बाबामहाराजांनी उभारलेलं दुधिवऱ्याचं विठ्ठलमंदिर, ज्याला सगळे प्रति पंढरपूर म्हणतात, आमच्याच लोहगडाच्या बाजूला आहे, त्यामुळं तो आवाज इकडं घराघरांत आहे. पण तो हरिपाठ फोनवरही मिळतो. बुवांचा जीव अडकला होता तो दुसऱ्या कॅसेटमध्ये. गावच्या सप्त्यात कोणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेलं त्यांच्या मंडळाचं भजन. त्यात पखवाज वाजवणारे आता हयात नाहीत. ते कुठल्याही फोनवर मिळणार नव्हतं.

मी म्हटलं, 'माउली, दोन्ही करू. कॅसेटही चालेल आणि मुलाचा फोनही.'

असा टेप उघडला की आवाज आत घालायची जागा नीट निवडावी लागते. काही जण ब्लूटूथ मॉड्यूलची वायर थेट कॅसेटच्या हेडवर डाखतात. ते चुकीचं आहे. हेडमधून येणारा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो, त्याला वाढवणारं पुढचं सर्किट खालचे स्वर मुद्दाम जास्त उचलतं, कारण कॅसेटला त्याची गरज असते. ब्लूटूथचा सिग्नल आधीच मोठा आणि पूर्ण असतो. तो तिथं घातला की आवाज घुमतो आणि फाटतो. योग्य जागा म्हणजे आवाजाच्या बटणाची, व्हॉल्यूम कंट्रोलची सिग्नल आत घेणारी पिन. तिथपर्यंत कॅसेटचा सिग्नल वाढून आलेला असतो, तिथंच ब्लूटूथचा जोडायचा. दोघांच्यामध्ये एक छोटा स्विच, म्हणजे एका वेळी एकच जोडलेला राहील, आणि प्रत्येक बाजूला एकेक कपॅसिटर. ज्या टेपमध्ये फिरणारं बटण नाही, आवाज आयसीतून कमी-जास्त होतो, तिथं जागा वेगळी आणि सर्किट वाचल्याशिवाय हात लावू नये.

मॉड्यूल बसलं. मग कॅसेट लावली, तर भजन ओढल्यासारखं चालत होतं. आतला रबरी पट्टा ढिला झाला होता. पट्टा बदलला तरी बुवांचं समाधान होईना. ते म्हणाले, 'आमची पट्टी काळी तीन. हा पांढरी चारकडं उतरलाय.' मला सुरातलं कळत नाही, पण त्यांच्या कानाबद्दल शंका घ्यायचं कारण नव्हतं. त्यांनी मुलाला पाठवून मंडळाची पेटी आणवली. कॅसेटच्या मोटरला पाठीमागं एक बारीक भोक असतं, त्यात स्क्रूड्रायव्हर घालून वेग थोडा कमी-जास्त करता येतो. दुकानासमोर ओमनीच्या दारात बसून बुवांनी काळी तीन दाबून धरली आणि मी स्क्रू फिरवत राहिलो. ते मान हलवत होते, अजून, अजून थोडा, मागं घे, आणि मग त्यांनी हात वर केला. पेटी आणि कॅसेट एक झाली होती. शेजारच्या गॅरेजची पोरं काम सोडून ऐकायला आली.

तेवढ्यावर मी ते काम सोडलं नाही. व्हॉल्यूमच्या ज्या पिनेवर ब्लूटूथ आत घातलं होतं, तिथूनच कॅसेटचा आवाज बाहेरही काढता येतो. बटण कितीही कमी-जास्त करा, त्या जागी सिग्नल तसाच राहतो. तिथून वायर काढून मी ती कॅसेट दोन्ही बाजूंनी लॅपटॉपवर भरून घेतली आणि मुलाच्या फोनमध्ये टाकली. आता ते भजन फोनमधून हवेतून त्याच टेपवर वाजतं आणि मूळ कॅसेट डब्यात सुरक्षित आहे. टेप काढून टाकला असता तर ती कॅसेट लावायला त्या घरात दुसरं काही नव्हतं. ज्यांच्या घरी अशा कॅसेट आहेत त्यांना मी सांगतो की आमची हवा दमट आहे, फितीला बुरशी धरते, उद्यावर टाकू नका.

बंगल्यातल्या गाड्यांचं दुखणं वेगळंच. मालक मुंबईला, गाडी लोणावळ्याला. मालक शनिवारी येतात, कधी पावसाळाभर येतही नाहीत. आले की गाडी चालू होत नाही आणि बॅटरीच्या नावानं बोटं मोडतात. कोणीतरी ब्लूटूथ किट टेपच्या पिवळ्या वायरवर जोडलेलं असतं. बाजारातल्या टेपच्या मागं पिवळी वायर कायम चालू असते, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवण्यासाठी. लाल वायर किल्लीबरोबर चालू-बंद होते. किट ५० मिलिॲम्पिअर खात असेल तर दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास होतात. दोन आठवड्यांत जवळजवळ १७. छोट्या गाडीची बॅटरी ३५ची असते, म्हणजे निम्मी बॅटरी कोणी गाणं न ऐकता संपली. किट लाल वायरवर असावं आणि त्याला स्वतःचा छोटा फ्यूज असावा. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचलेल्या वस्तूंनाही हेच लागू आहे, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत तो सॉकेट किल्ली काढल्यावरही चालू राहतो. ट्रकवाल्यांना एवढंच सांगतो की तुमची गाडी २४ व्होल्टची आहे, १२ व्होल्टचं किट आणून थेट जोडू नका, मध्ये कन्व्हर्टर लागतो.

'राजमाचीला रेंज नसते, मग ब्लूटूथ कसं चालणार?' हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की त्याचं उत्तर इथं देऊन टाकतो. ब्लूटूथला टॉवर लागत नाही. फोन आणि टेप यांच्यातला तो आठ-दहा मीटरचा आपसातला व्यवहार आहे. रेंज लागते ती इंटरनेटवरून गाणं आणायला. आंदर मावळात ठोकळवाडी धरणाच्या वरच्या अंगाला आणि इकडं तुंग-तिकोन्याच्या मागं रेंज जाते, गाणं अडकतं आणि लोक माझ्या किटला दोष देतात. घरी असताना गाणी फोनमध्ये उतरवून घ्या, मग दरीत, बोगद्यात, जंगलात कुठंही वाजतील.

वडापच्या जीपमध्ये आणखी एक गोंधळ होतो. स्वस्त किटला पासवर्ड नसतो आणि सगळ्यांचं नाव सारखंच असतं. स्टँडवर तीन जीपा ओळीनं उभ्या असल्या की एकीचा फोन दुसरीच्या टेपला जोडला जातो. कधी पॅसेंजरचाच जोडला जातो आणि त्याच्या फोनमधला व्हिडिओ सगळ्यांना ऐकू येतो. त्यावर इलाज म्हणजे आपल्या फोनमधून जुनी सगळी किटं पुसायची, आपलंच एक ठेवायचं, आणि किट घेताना ज्याचं नाव बदलता येतं असं घ्यायचं. थोडे पैसे जास्त जातात, पण रोजची कटकट वाचते.

काही वेळा टेप खरोखर बदलावा लागतो. आतली ॲम्प्लिफायरची आयसी जळली, पाण्यात भिजून प्लेट कुजली, तर मी स्वतःच नवा घ्या म्हणतो. तोही साधा, बटणांचा, ब्लूटूथवाला घ्या. मोठ्या स्क्रीनला माझा आक्षेप घाटामुळं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी खंडाळ्यात धुकं उतरतं, बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. अशा वेळी डॅशबोर्डवर टीव्हीएवढा उजेड असला की बाहेरचं उरलंसुरलंही दिसेनासं होतं. जुन्या टेपचं बटण हाताला सापडतं, नजर रस्त्यावरून हलवावी लागत नाही. आवाज कमी करायला बटण फिरवलं की झालं.

फोनचंही तसंच. बोरघाटात मागून भरलेला कंटेनर येत असतो आणि पुढं वळण असतं, तिथं गाणं बदलायला फोन हातात घेणाऱ्याला मी काय म्हणू? २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चालवताना हातात फोन धरून वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात धरलं जातं. कायदा नसता तरी घाटात ते करू नये. मी किट बसवतो तेव्हा फोनसाठी स्टँड लावल्याशिवाय गाडी सोडत नाही, त्याचे वेगळे पैसेही घेत नाही. लोणावळ्यात चहाला थांबाल तेव्हाच यादी लावून टाका. आणि घाटात आवाज इतकाच ठेवा की मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येईल. धुक्यात डोळ्यांच्या आधी कान कामाला येतात.

तुमच्या गाडीत जुना टेप असेल तर त्याच्या पाठीमागं काय आहे ते एकदा जाणकाराकडून बघून घ्या, मग ठरवा. दुरुस्तीला येताना ज्या फोनवरून गाणी ऐकता तोच आणा, घरातली एखादी चांगली कॅसेट किंवा सीडी आणा, आणि होंडा किंवा स्कोडासारख्या गाडीचा कंपनीचा टेप असेल तर त्याचा कोड गाडीच्या पुस्तकातून आधीच कागदावर उतरवून घ्या. बॅटरीची वायर काढली की हे टेप कोड मागतात, आणि कोड नसला तर चांगला टेपही बंद पडून राहतो.